फक्त तालुका सांगितला

जामखेडच्या मुलानं कोणाचं नाव सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. म्हणजे नावही नाही, तालुका सांगितला. 'मी फक्त तालुका सांगितला' हे वाक्य आठ वर्षं मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की त्यातला 'फक्त' मला खरा वाटायला लागला होता.

मी नगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. कॉलेज एका संस्थेचं, संस्था एका घराण्याची, आणि त्या घराण्यातले सध्याचे कर्ते म्हणजे सचिवसाहेब. त्यांना मालक असं कोणी म्हणत नाही. पण त्यांची गाडी गेटातून आत आली की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे ज्या पद्धतीनं उभे राहतात, त्यावरून नव्या माणसाला काय ते कळतं.

विद्यार्थी मंडळाच्या निवडणुका बंद झाल्या आणि प्रतिनिधी नेमले जाऊ लागले, तेव्हा एम.ए.च्या काही मुलांनी एक अंक काढायला सुरुवात केली. आठ पानं, झेरॉक्स, मधोमध दोन पिना. साहित्यबिहित्य काही नाही, सरळ राजकारण. नेमलेला प्रतिनिधी कोणाचा भाचा आहे, महापालिकेच्या निवडणुकीत कॉलेजच्या बस कुठं फिरल्या, वसतिगृहाच्या पाण्याची टाकी कोणाच्या उद्घाटनासाठी अडून राहिली. लेखाखाली नाव नसायचं. अंक वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये सापडायचा, कॅन्टीनमध्ये, माळीवाड्याच्या स्टँडवर. सचिवसाहेबांची माणसं लेखक हुडकत फिरायची आणि मुलं त्यांच्याच शेजारी बसून चहा प्यायची.

नाव लपवण्यासाठी त्यांनी एक नियम केला होता. त्याला ते 'हात बदलणं' म्हणत. लेख एकानं लिहायचा, दुसऱ्यानं तो स्वतःच्या भाषेत पुन्हा लिहायचा आणि टाइप करायचा. आमच्या जिल्ह्यात हे आवश्यकच आहे. इथं माणूस दोन वाक्यं बोलला की तो घाटाकडचा की बालाघाटाकडचा हे समोरच्याला कळतं, आणि लिहिताना तर जास्तच. त्यामुळे संगमनेरच्या मुलाचा लेख कर्जतची मुलगी लिहायची, आणि श्रीगोंद्याचा राहुरीवाला. भाषा अशी घोटून घोटून कुठलीच राहायची नाही.

शेवटचा हात माझा. हे त्या पाचसहा जणांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. छापण्याआधी अंकाचं प्रूफ माझ्या सावेडीच्या फ्लॅटवर यायचं, मी पेन्सिलीनं शुद्धलेखन तपासायचे. मला त्यात शौर्य वाटायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. वर्गात मी कधी सरकारविरुद्ध शब्द काढला नाही, संस्थेविरुद्ध तर नाहीच. पण ऱ्हस्व-दीर्घ नीट करून मी क्रांतीत भाग घेत होते.

ज्या लेखावरून सगळं झालं, तो वसतिगृहातल्या एका मुलीचा होता. अकोले तालुक्यातली, डोंगरातल्या भातवाल्या गावची. माझीच विद्यार्थिनी, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. संस्थेच्या प्रत्येक सभेला वसतिगृहातल्या मुलींना बसमध्ये घालून खुर्च्या भरायला न्यायचे, त्याबद्दल तिनं लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'दर सभेला आमची आवणी होते. हॉस्टेलातून उपटायचं आणि मंडपात ओळीनं खोवायचं. पाणी मात्र कोणी सोडत नाही.'

भाताची रोपं उपटून चिखलात पुन्हा लावतात, त्याला तिच्याकडे आवणी म्हणतात. हा शब्द मला तिच्याकडूनच मिळाला होता. पंधरा वर्षं मी विद्यार्थ्यांकडून तालुकावार शब्द गोळा करत होते, वह्याच्या वह्या भरल्या होत्या. पहिल्या वर्षाला असताना तिनं तो माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून दिला होता.

या लेखाचा हात बदलला जामखेडच्या मुलानं. टायपिंग त्याच्याकडेच असायचं. तो प्रूफ घेऊन आला तेव्हा त्यानं 'आवणी'चं 'लावणी' केलेलं होतं. मूळ हस्तलिखित खाली जोडलेलं होतं, म्हणून मला दिसलं. मी 'लावणी' खोडून 'आवणी' लिहिलं.

तो शेजारी उभा होता. "मॅडम, ऱ्हाऊ द्या की लावणीच."

"अरे, लावणी म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे ढोलकी येते. मंडपात लावणी! अर्थच जातो."

"गेला तर गेला. शब्दावरनं माणूस कळतंय मॅडम. आपला नियम हाय."

"तुला कळला होता का हा शब्द?"

"न्हाई. आमच्याकडं भात फकस्त ताटात."

"मग? सचिवांच्या सात पिढ्या उसातल्या. त्यांना काय कळणार आहे?"

तो हसला नाही. "मॅडम, तिला हॉस्टेल सोडून नगरात ऱ्हायला जागा न्हाई. अर्थाचं बघू नंतर."

मी म्हणाले, भाषेची अशी कत्तल मी होऊ देणार नाही. अगदी 'कत्तल' म्हणाले. त्यानं मान खाली घालून प्रूफ घेतलं. मी मॅडम होते, तो विद्यार्थी होता. अंकात 'आवणी' छापलं गेलं.

अंक निघाला त्या दुपारी त्या मुलीनं त्याला विचारलं, हा शब्द कोणी ठेवला? तो म्हणाला, "माझ्याकडनं ऱ्हाऊन गेला." शब्दावरून वाद होऊन माझा हात अंकात आहे हे बाहेर फुटू नये म्हणून त्यानं आपल्या माणसांतही माझं नाव घेतलं नाही. मला वाचवायला तो खोटं बोलला, आणि त्याच खोट्यानं पुढे त्याचा गळा धरला.

आठवड्यानं प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. सचिवसाहेब, प्राचार्य, राज्यशास्त्राचे विभागप्रमुख, मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई आणि मी. अशा बैठकांना मला इतिवृत्त लिहायला बोलावत. मराठीच्या बाई, अक्षर चांगलं.

सचिवसाहेबांनी अंक टेबलावर टाकला. "खुर्च्या भरायला नेतो म्हणे आम्ही. ज्या संस्थेचं खातात तिच्याच ताटात... आणि हे आवणी काय आहे?"

विभागप्रमुख लगेच पुढे झाले. "श्रावणी असेल साहेब. झेरॉक्समध्ये श्र उडालाय."

"मग वाक्य काय झालं? दर सभेला आमची श्रावणी होते?"

"लावणी असेल," प्राचार्य म्हणाले. "हल्ली पोरी वाह्यातच लिहितात."

हशा झाला. साहेबही हसले. मग ते थांबले आणि सगळेच थांबले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्हाला शाल घातली होती ना आपण? त्या शब्दांच्या कामाची? सांगा की मग."

ती शाल त्यांनी घातली होती खरी. तेव्हा आडनाव चुकीचं घेतलं होतं. पण त्या केबिनमध्ये मी बारा वर्षं बसत होते आणि माझ्या विषयातलं काही मला तिथं कोणी पहिल्यांदाच विचारत होतं.

मी सांगायला लागले. आवणी म्हणजे काय, रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळ्याचा राब कसा भाजतात, रोप किती दिवसांचं झालं की उपटतात. हा शब्द आपल्या जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातच मिळतो. पारनेर, पाथर्डी, जामखेडला तो कोणाला माहीत नसतो. माझ्याकडे रीतसर नोंद आहे. विभागप्रमुख मध्ये म्हणाले, "म्हणजे लावणीच की," तर मी त्यांनाही दुरुस्त केलं. दहा मिनिटं बोलले असेन. कोणी मला अडवलं नाही, कोणी घड्याळ बघितलं नाही.

मी भेदरून बोलले असं मी नंतर स्वतःला पटवायचा प्रयत्न केला. ते खोटं आहे. मला कोणी धमकावलं नाही, नोकरीचं नाव काढलं नाही. मी खुशीनं बोलले. बोलता बोलता रेक्टरबाईंनी रजिस्टर उघडलेलं मला दिसलं, तरीही मी माझं वाक्य पूर्ण केलं. त्या वर्षी वसतिगृहात अकोल्याची मुलगी एकच आहे हे मला माहीत होतं. ते डोक्यात कुठंतरी होतं आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"एकच आहे साहेब," रेक्टरबाई म्हणाल्या. "एम.ए. मराठी. यांचीच विद्यार्थिनी."

साहेबांनी बेल वाजवली. "मॅडमना चहा सांगा. आलं घालून."

तो चहा मी प्यायले.

दोन दिवसांत तिची वसतिगृहातली जागा शिस्तभंगाच्या कारणावरून रद्द झाली. तिचे चुलते तीन बस बदलून आले. ऑफिसबाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसवून ठेवलं त्यांना. मग त्यांनी उठून रेक्टरबाईंना विचारलं, "आमच्या पोरीनं चोरी केली व्हय?"

"चोरी परवडली असती," रेक्टरबाई म्हणाल्या.

मी स्टाफरूमच्या दारातून हे ऐकलं आणि आत जाऊन कपाट आवरायला घेतलं. परीक्षा दोन महिन्यांवर होती. एवढ्या लांबून रोज येणं शक्य नव्हतं आणि शहरात खोली घेणं तिच्या घरच्यांच्या आवाक्याबाहेर होतं. माझ्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती. ती देऊ करावी असं मनात आलं आणि लगेच असंही आलं, की लोक काय ते समजतील. तिनं परीक्षा दिली नाही.

मुलांनी मग आपल्यातला फुटलेला माणूस शोधायला घेतला. त्यांना फार शोधावं लागलं नाही. ती त्या एका शब्दावरून सापडली एवढं ऑफिसातून बाहेर आलं होतं. शब्द कोणाकडून राहिला? जामखेडवाल्याकडून. त्यानं स्वतः कबूल केलंय. मग मुद्दाम ठेवला असेल; त्याला संस्थेत क्लार्कची नोकरी कबूल केली असेल. वर्गात त्याच्या बाकावर कोणी बसेना. तो आला की मागून "आवणी, आवणी" असा आवाज निघायचा आणि मी फळ्याकडे वळायचे. एका सकाळी त्याच्या मोटरसायकलच्या हँडलला तुटक्या चपलांची माळ बांधलेली होती. त्यानं ती सोडवली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तासाला येऊन बसला. हजेरी घेताना त्याचा नंबर आला तेव्हा त्यानं "हजर" म्हटलं ते असं, की वर्ग गप्प झाला.

तो एकदाच माझ्या घरी आला. बसला नाही. "मॅडम, मीटिंगमधी काय झालं?"

"बैठकीतलं बाहेर सांगता येत नाही रे."

"आवणीचा अर्थ त्यांना कोणी सांगितला?"

"मी फक्त इतिवृत्त लिहिते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी शेल्फवरच्या वह्यांकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर जे घडलं ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मुलांनी आणखी एक अंक काढला, शेवटचा. एकच पान, दोन्ही बाजूंनी. 'आपल्यातला एक' असा मथळा, आणि खाली जामखेडच्या मुलाविषयी. नाव नव्हतं, पण तालुका होता, टायपिंग होतं, मोटरसायकलचा रंगसुद्धा होता. त्याचं प्रूफ नेहमीसारखं माझ्याकडे आलं. आणणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, हे मात्र बिनचूक पाहिजे. त्याला म्हणायला जागा नको की ह्यांना लिहिताच येत नाही."

मी ते तपासलं. त्यात 'फितुर' लिहिलं होतं. मी तु दीर्घ केला.

आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी कबुलीची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, वडील मास्तर, त्यामुळे ती मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाठ आहे. ती 'आम्ही'मध्ये आहे. आम्ही चुकलो, आम्ही करायचं ते केलं नाही. दोनशे माणसं एका सुरात म्हणतात आणि कोणाचं काय ते कोणालाच कळत नाही. त्या 'आम्ही'त मी आठ वर्षं अगदी सुखात राहिले. बाहेर येऊन पाळकांशी हात मिळवायचे, रिक्षा करून घरी यायचे.

यंदा उन्हाळ्यात त्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरलं. मला फोन आला, मॅडम, प्रमुख पाहुण्या तुम्हीच. "तेव्हा स्टाफमध्ये तुम्ही एकट्याच आमच्या बाजूनं होतात." अंकाविषयी बोला म्हणाले. अकोल्याहून तीही येणार होती. जामखेडच्याचं विचारलं, तर पलीकडून हसू आलं. "त्याला कोण बोलावतंय?"

मी जामखेडला गेले. बसस्टँडमागे त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मशीनमधून बाहेर येत होता, नुसती मिशी आणि गॉगल इतकंच आलेलं. त्यानं मला बघितलं, मशीन थांबवलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं. सगळं, दीर्घ केलेल्या तूसकट.

"ते मला तवाच कळलं हुतं," तो म्हणाला. "दुसरं कोण सांगनार? दुसऱ्या कुनाला येतंय ते?"

"मग बोलला का नाहीस?"

"कुनाला? तुमी मॅडम. मी जामखेडचा." त्यानं फ्लेक्सची कड सरळ केली. "तो तू दीर्घ केल्याचं मात्र ठाव नव्हतं. ते लई भारी केलं मॅडम. मार्क किती दिले?"

मी म्हणाले, माझी चूक झाली.

"चूक म्हंजी ऱ्हस्व-दीर्घ. ही चूक न्हाई." मग पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "माझ्या सोयरिकीच्या टायमाला तो कागद पोरीच्या मामाच्या खिशात हुता. घडी घालून. माझ्याच बापानं विचारलं मला, खरं हाय का हे? काय सांगू? शुद्धलेखन बरोबर हाय म्हनून सांगू?"

मशीन थांबलं. त्यानं फ्लेक्स कापला, गुंडाळला.

"माफीबिफी हितं नका मागू, गिऱ्हाईक येतंय. तिथं माईक देनार हायत ना तुमाला? तिथं बोला."

स्नेहसंमेलन सावेडीतल्या एका हॉलमध्ये झालं. पंचवीसेक जण, काहींची मुलंबाळं. मला गुच्छ दिला. निर्भीड, पाठीशी उभ्या राहणाऱ्या, असं काय काय म्हटलं गेलं. मी माईक घेतला आणि सांगितलं. ठरवून गेले होते म्हणून कमी शब्दांत झालं. आधी प्रूफ, मग बैठक, मग शेवटचं पान. शेवटी सवयीनं 'आम्ही चुकलो' असं तोंडातून गेलं.

मागं केटररची माणसं ताटं मांडत होती. मग एक जण, जो आता दुसऱ्या एका कॉलेजात प्राध्यापक आहे, तो म्हणाला, "मॅडम, हे आजच काढायचं होतं का? लोक फॅमिली घेऊन आलेत."

"मग कधी काढायचं?" हा आवाज तिचा होता. ती मधल्या रांगेत होती. गावच्या ग्रामपंचायतीत संगणकावर काम करते, हे मला सकाळीच कळलं होतं. ती उभी राहिली. "तुम्ही म्हणालात, तालुका सांगितला. हॉस्टेलात तालुक्याची मी एकटी. तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि त्याच्यावरचं पान मीच गावाकडून लिहून पाठवलं होतं. तेही ठाऊक होतं?"

ते मला ठाऊक नव्हतं. तिचं अक्षर मी ओळखलं असतं. पण पान टाइप होऊन आलं होतं. हात बदलून.

"माझ्या जागेपायी मी त्याला जाळलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही काना-मात्रा बघत बसलात." तिनं तिथंच कोणाकडून तरी त्याचा नंबर मागून घेतला आणि फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बंद लागला. ती माझ्याकडे वळली. "ते पान साऱ्या नगरात वाटलं होतं ना? जामखेडच्या स्टँडावर पण. मग हे पंचवीस माणसांत सांगून काय होतंय? छापून सांगा. आणि त्याच्यात 'आम्ही' नको."

मला कोणी जेवून जा म्हणालं नाही. गुच्छ खुर्चीवर राहिला.

म्हणून हे लिहिलं. नावं नाहीत, कारण त्या दोघांनाही आपली नावं इथं नको आहेत. माझं लेखाखाली आहे. छापायला देण्याआधी दोघांनाही व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्याच्याकडून निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तिचा दुसऱ्या दिवशी फोन आला. ग्रामपंचायतीत लोक होते, मागं कोणीतरी दाखल्यासाठी भांडत होतं. ती एवढंच म्हणाली, शेवटचा परिच्छेद काढा.

त्यात मी दोघांची माफी मागितली होती. तो काढला आहे.